दोन बोटे कुणाची?

दौंडला एका परिचित कुटुंबात धाकट्या नातवाच्या प्रथम कम्युनियनचा समारंभ होता. मिस्सा झाली, जेवणे उरकली आणि दुपारच्या सुस्तीत कॉलेजात जाणाऱ्या थोरल्या नातीने आजीच्या ट्रंकेत सापडलेली एक जीर्ण वही मोठ्याने वाचायला घेतली. आजीने लग्नाआधी कुठल्याशा तपसाधनेत ऐकलेला उपदेश तीत बाळबोध अक्षरांत उतरवून ठेवला होता. ख्रिस्ती स्त्रीच्या पोशाखाचा गळा घशाच्या खळगीखाली दोन बोटांपेक्षा अधिक उतरू नये. बाही निदान कोपरापर्यंत असावी. झगा गुडघ्यांच्या खाली पोचावा. आरपार दिसेल असे कापड अंगाला लावू नये. प्रत्येक कलमागणिक हशा पिकत होता. अखेर भिंतीला टेकून बसलेल्या आजीनेच विचारले, "आगं, पर दोन बोटं म्हंजी कुणाची? माजी का फादरची?"

यानंतर वाचन पुढे सरकलेच नाही.

वाचकहो, त्या हशात मीही सामील होतो. परंतु संध्याकाळी केडगाव-चौफुल्यावरून शिरूरला परतताना मला त्या हशाचीच शंका येऊ लागली. कारण थोड्याच दिवसांपूर्वी आमच्या आसपासच्या एका देवळाच्या दाराशी मी एक नवी कोरी पाटी पाहिली होती. 'देवाच्या घरी मर्यादेचा पोशाख करून यावे' अशी प्रस्तावना आणि खाली जीन्स, बिनबाह्यांचे कपडे, तंग विजार इत्यादींची यादी. आजीच्या वहीला हसणारी तरुण मंडळी आणि ही पाटी टांगणारी कार्यकारी मंडळी एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभी आहेत असे वरकरणी वाटते. माझे म्हणणे असे की दोघेही एकाच चुकीचे धनी आहेत. मर्यादा म्हणजे कापडाची लांबी, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. एकाला ती लांबी हास्यास्पद वाटते, दुसऱ्याला पवित्र. मर्यादेविषयी आपले धर्मग्रंथ प्रत्यक्षात काय म्हणतात, हे पाहण्याची तसदी कुणी घेत नाही.

आधी आजीच्या वहीचे मूळ पाहू. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या स्त्रियांचे झगे आखूड होऊ लागले, केस कापले जाऊ लागले. १९२१ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी एका विश्वपत्रात त्या काळच्या पोशाखाबद्दल आणि नृत्यांबद्दल खेद व्यक्त केला. १२ जानेवारी १९३० रोजी रोमच्या 'काँग्रिगेशन ऑफ द कौन्सिल' या मंडळाने बारा कलमांची सूचना काढली. अमर्याद पोशाख केलेल्या स्त्रियांना कम्युनियन देऊ नये, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता होऊ देऊ नये, प्रकार फारच गंभीर असेल तर देवळातही घेऊ नये, असे तीत होते. मुलींनी जाहीर कवायतींत व व्यायामाच्या स्पर्धांत भाग घेऊ नये, याची जबाबदारी आईबापांवर टाकली होती. दोन बोटे, कोपर आणि गुडघा हे माप त्याच सुमाराचे. ते रोमचे कार्डिनल व्हिकर पोम्पिली यांच्या नावावर सांगितले जाते. म्हणजे आजीच्या वहीतला उपदेश सनातन वगैरे काही नाही. तो आजीच्या आईच्या वयाचा आहे.

आता हे रोमन माप आपण आपल्याच आज्यांना लावून पाहू. नऊवारी लुगड्याच्या काष्ट्याने पोटऱ्या उघड्या पडतात. चोळी आणि निऱ्या यांच्यामध्ये पोट दिसते, पाठ दिसते. चोळीचा गळा दोन बोटांत बसणे कठीणच. कोपरापर्यंतची बाही एवढ्या एका कलमात ती उत्तीर्ण होईल, बाकी सर्वांत नापास. शेतात खुरपणी करून, पहाटे उठून जपमाळ करून, मुलांना 'आमच्या बापा' शिकवणाऱ्या त्या बायका या मापाने दाराबाहेर! दौंडमध्ये तर याहून मौज होती. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, जंक्शन झाले आणि रेल्वेच्या चाकरीबरोबर गोवेकर व अँग्लो-इंडियन कुटुंबे तिथे आली. एका बाकावर फ्रॉक, शेजारच्या बाकावर लुगडे. लुगडेवालीला फ्रॉकखालच्या पिंढऱ्या बघवत नसत आणि फ्रॉकवालीला लुगड्यावरचे पोट. दोघीही एकाच वेदीसमोर गुडघे टेकत होत्या आणि दोघीही शेजारणीला मनातल्या मनात निर्लज्ज ठरवून मोकळ्या होत होत्या. मर्यादा ही देशकालाप्रमाणे निरनिराळी रूपे घेते, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २५२४) स्पष्ट लिहिले आहे. दौंडच्या त्या दोन बाकांना ते लिहिण्याआधीच ठाऊक असायला हवे होते.

या रोमन मापाचा दुसरा एक पदर सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१७च्या धर्मसंहितेतील १२६२वे कलम म्हणत असे की देवळात पुरुषांनी डोके उघडे ठेवावे आणि स्त्रियांनी डोके झाकून, मर्यादशील वेषात यावे. पुरुषांच्या वाक्यापुढे एक सवलत जोडली होती: लोकांच्या मान्य चालीरीती वेगळ्या असतील तर गोष्ट निराळी. म्हणजे आमच्या आजोबांच्या पटक्यासाठी रोमने जागा ठेवली होती. स्त्रियांच्या वाक्याला अशी कोणतीही सवलत नव्हती. १९८३च्या नव्या संहितेतून हे कलमच गेले. सवलतीची सवय मात्र गेली नाही. आजही पाटीवर पुरुषांच्या कपड्यांचे एकही कलम नसते. शर्टाची वरची तीन बटणे सोडून सोन्याची साखळी मिरवणारे तरुण बिनदिक्कत वाचनपीठावर उभे राहतात.

विजारीबद्दल तर ख्रिस्तसभेचा निकाल फार जुना आहे. इ. स. ८६६ मध्ये नव्याने ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियन लोकांनी पोप पहिले निकोलस यांना प्रश्नांची मोठी यादी धाडली. त्यांच्याकडे स्त्रिया व पुरुष दोघेही विजारी घालत. ते चालेल का, असा एक प्रश्न होता. पोपनी कळवले की तुम्ही किंवा तुमच्या स्त्रियांनी विजार घातली काय, न घातली काय, त्याने तारणाला बाध येत नाही आणि सद्गुणांतही भर पडत नाही. इतके शहाणपणाचे आणि इतके कंटाळलेले उत्तर क्वचितच कोणी दिले असेल! त्यानंतर जवळजवळ अकराशे वर्षांनी, जून १९६० मध्ये, जिनोआचे कार्डिनल सिरी यांनी स्त्रियांच्या विजारीविरुद्ध एक पत्र काढले. गंमत अशी की विजारीने झग्यापेक्षा अंग अधिक झाकते, हे त्यांनी त्यात प्रांजळपणे मान्य केले आहे. त्यांची भीती निराळी होती. पुरुषी पोशाखामुळे स्त्रीचे मन पुरुषासारखे होईल आणि घरातले नाते बिघडेल, असे त्यांना वाटत होते. म्हणजे वाद अंग झाकण्याचा नव्हताच; कोणी कुणाच्या वरचढ व्हायचे नाही, याचा होता.

हा धागा हाती आला की आपल्या मुलखाचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली जो हुकूमनामा काढला त्यात देशी ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी घालण्याची मनाई होती. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात (१९६१) हा हुकूमनामा दिला आहे. आज आपण ज्याला 'शालीन भारतीय वेष' म्हणतो तोच तेव्हा अख्रिस्ती ठरला होता. तेव्हा चोळी काढून झगा घालणे हा धर्म होता. आता विजार काढून साडी नेसणे हा धर्म आहे.

केडगाव दौंड तालुक्यातलेच. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, हे मला माहीत आहे. पण या विषयात त्यांना वगळून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. १८८२ साली, ऐन चोविशीत, रमाबाईंनी स्वतःच 'स्त्रीधर्मनीति' नावाचे उपदेशाचे पुस्तक लिहिले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तेथेही त्यांनी आपला देशी पेहराव व शाकाहार सोडला नाही. आणि ज्या विधवांसाठी त्या झिजल्या, त्यांच्या अंगावर काय होते? मुंडलेल्या डोक्यावरून ओढलेले आलवण, आत चोळी नाही. तोही धर्माने सांगितलेला, अत्यंत मर्यादेचा म्हणून गौरविलेला वेष होता. अंग झाकण्यासाठी चोळी नको म्हणणारा नियम मर्यादेचा कसा, असे कुणी विचारले नाही. कारण तो नियम अंग झाकण्यासाठी नव्हताच, ओळख पटवण्यासाठी होता. बाईने पाहताक्षणी कळले पाहिजे की हिला जगण्याचा अधिकार नाही.

जातीचा नियम याच घाटाचा. त्रावणकोरात शानार ख्रिस्ती स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके मार खावा लागला. १८५९च्या राजाज्ञेने त्यांना अंग झाकण्याची मुभा दिली, पण वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे नव्हे, अशी अट घालूनच. आपल्याकडे अस्पृश्य स्त्रीचे लुगडे कुठवर असावे आणि अंगावर कसले दागिने असावेत, हे गाव ठरवत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की तुमच्या जातीची खूण पटवणारी ही लुगड्याची तऱ्हा आणि हे गळाभर, हातभर दागिने टाकून द्या, इतर स्त्रियांसारखे नेसा. धर्मपीठावरून नव्हे, पण पोशाखाविषयी या महाराष्ट्रात झालेला हा सर्वांत ख्रिस्ती उपदेश होता असे मी म्हणेन; रागवायचे त्यांनी खुशाल रागवावे. शिरूर ही जुनी लष्करी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे जी पलटण निघाली ती येथूनच. त्या पलटणीतल्या महार शिपायांनी लाल कोट घातला तेव्हा त्यांच्या घरच्यांना काय वाटले असेल, याचा विचार घोडनदीच्या पुलावरून जाताना माझ्या मनात पुष्कळदा येतो. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्या या नियमांखालून आलेल्या आहेत. त्यांच्या नातींसाठी आपणच नवी पाटी रंगवावी?

आता धर्मग्रंथ. ज्या वचनाचा आधार पाटीवाले नेहमी घेतात ते तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे स्त्रियांच्या मर्यादशील वेषाची गोष्ट निघते खरी. पण संत पौल यादी कशाची देतात? गुंफलेले केस, सोने, मोती, मोलवान वस्त्रे. गळा नाही, बाही नाही, गुडघा नाही. मंडळीत श्रीमंती मिरवू नका, एवढेच तिथे सांगणे आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर याहून कठोर आहे. सोन्याची अंगठी आणि झगझगीत पोशाख घालून आलेल्याला उत्तम आसन आणि मळक्या वस्त्रातल्या दरिद्र्याला पायाशी जागा, असे करणाऱ्या मंडळीला तो सरळ जाब विचारतो.

जुन्या धर्मपित्यांचा उपदेश याच रोखाचा होता, म्हणून तो आजही वाचवतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट खोट्या केसांवर तुटून पडतो. आपल्या भाषेत सांगायचे तर गंगावनावर! तो विचारतो, धर्मगुरूने आशीर्वादासाठी हात ठेवला तो कोणाच्या डोक्यावर? ते केस भलत्याच बाईचे, तेव्हा आशीर्वादही तिलाच गेला म्हणायचा. कार्थेजचा तेर्तुल्लियन रंगीत लोकरीवर घसरतो: देवाला जांभळी वस्त्रे हवी असती तर त्याने मेंढ्याच जांभळ्या जन्माला घातल्या नसत्या का? शिरूर-पारनेरच्या माळावर मेंढ्या पाहिल्या की मला हा प्रश्न आठवतो आणि हसू येते. पण जांभळा रंग त्या काळी अतोनात महाग होता. तो रंग श्रीमंतांच्या अंगावर होता आणि तेर्तुल्लियनचा आसूडही तिथेच पडत होता. (स्त्रियांना पोशाखावरून झोडपणाऱ्या याच गृहस्थाने आपण रोमन टोगा टाकून साधा झगा का पांघरला, याच्या समर्थनार्थ एक आख्खा निबंध लिहिला आहे. पुरुषाच्या कपड्याला असा वकील मिळतो.) स्त्रीविषयी त्यांनी लिहिलेले सगळेच मी पदरी घेणार नाही, त्यात जे विखारी आहे ते विखारीच आहे. परंतु त्यांच्या हातात मोजपट्टी नव्हती, तराजू होता.

तराजू कधी सुटला आणि मोजपट्टी कधी हाती आली, हे शोधायला फार लांब जायला नको. सोने तोलायचे म्हटले की ज्यांच्या वर्गणीवर देऊळ चालते त्यांना दुखवावे लागते. मुलीचा गळा मोजायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

ज्या देवळाची पाटी मी पाहिली तिथलीच एक रविवारची हकीकत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी एक मुलगी रात्रपाळी संपवून, कंपनीच्या गाडीतून उतरून थेट मिस्सेला आली. अंगावर कंपनीचा गणवेश: विजार, शर्ट, बूट. यंत्रापाशी पदर आणि ओढणी म्हणजे मरणाला आमंत्रण. १९४८च्या कारखाना कायद्याच्या बाविसाव्या कलमात तर चालू यंत्र तपासणाऱ्या कामगाराच्या अंगासरशा घट्ट कपड्यांची अटच घातली होती. कम्युनियनच्या रांगेत एका स्वयंसेवक बाईंनी तिला हळूच बाजूला घेतले, पाटीकडे बोट दाखवले आणि मागे उभे राहायला सांगितले. ती मागे उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. मिस्सा संपण्याआधी निघून गेली. तिच्या पुढे रांगेत, त्याच दिवशी लग्नाची घोषणा झालेल्या घरच्या बायका होत्या. पैठण्या, तोड्यांच्या जोड्या, गळ्यात चपलाहार. त्या लग्नासाठी वधूच्या बापाने किती कर्ज काढले ते गावाला ठाऊक आहे. संत पौलांच्या यादीतले एकूण एक कलम तिथे हजर होते आणि स्वयंसेवक बाई त्यांना हात जोडून वाट करून देत होत्या.

यावर मला दोन आक्षेप ऐकवले जातात. पहिला असा की मग काय, देवळात कसेही यावे? मुळीच नाही. देवाच्या घरी स्वच्छ, नीटनेटके, आदराने यावे, आपल्याकडे इतरांचे लक्ष वेधण्यासाठी येऊ नये. ही शिकवण मला मान्य आहे आणि मुलांना ती आईबापांनी घरी द्यावी. पाटी ते काम करीत नाही. पाटी घरचे काम दारावरच्या माणसाला देते आणि त्याच्या नजरेला मोकळीक मिळते. आजीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय: मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात लग्नाचे वस्त्र नसलेल्या पाहुण्याला राजाने बाहेर टाकले नाही का? टाकले. पण त्या दाखल्यात चौकात भेटतील त्या भल्याबुऱ्यांना आत आणण्याचा हुकूम आधी आहे. ते वस्त्र अंतःकरणाचे, असेच आपल्याला धर्मशिक्षणात शिकवले गेले. आणि वस्त्र पाहिले ते राजाने. दारावरच्या चाकरांना तपासणीचे काम दिल्याचे त्या दाखल्यात कुठेही नाही.

मी हे सारे संबंधित मंडळींपुढे मांडले. पाटी काढा, असा हट्टसुद्धा धरला नाही. पाटी ठेवायचीच असेल तर तिमथ्याच्या पत्राला धरून तिच्यात एक ओळ वाढवावी, एवढीच विनंती केली: अंगावर दोन तोळ्यांपेक्षा अधिक सोने घालून कम्युनियनला येऊ नये. दोन बोटांच्या जागी दोन तोळे. आकडाही फारसा बदलावा लागत नाही. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी, माझ्याविषयी मनात काही न ठेवता, अगदी सौम्यपणे सांगितले, "सर, सोन्याचा विषय नाजूक आहे. घरोघरची मने दुखावतील."

दौंडच्या आजीला ही हकीकत मी कळवली. त्या हसतील असे वाटले होते. त्यांनी फक्त त्या मुलीचे घर कुठले, ते विचारून घेतले.